शपथ कोणी घ्यायची?

१३ फेब्रुवारी २०२० ला अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे इथे एका महिला महाविद्यालयाच्या मुलींना शपथ देण्यात आली. प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही, हुंडा मागणाऱ्याशी लग्न करणार नाही, असा तिचा आशय होता. त्याआधी दहाच दिवस, ३ फेब्रुवारीला, शेजारच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एक तरुण प्राध्यापिका कॉलेजात शिकवायला निघाली होती. तिचा पाठलाग करणाऱ्या माणसानं तिला भर चौकात पेट्रोल ओतून पेटवलं. नागपूरच्या दवाखान्यात आठवडाभर झुंजून १० तारखेला ती गेली. मारणारा स्वतः लग्न झालेला होता. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, हिंगणघाटच्या न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली.

चांदूर रेल्वेच्या शपथेमागे वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. हुंड्याबद्दलचं वाक्य तर प्रत्येक कॉलेजात म्हटलं जावं असंच होतं. घाबरलेल्या शिक्षकांना आपल्या मुली जपायच्या होत्या. पण ही शपथ त्या मरणाशी ताडून पाहिली की अंगावर काटा येतो. हिंगणघाटच्या मुलीनं प्रेम केलं म्हणून ती मेली नाही. तिनं नकार दिला म्हणून तिला जाळलं. आणि तिच्या मरणानंतर आपण बाकीच्या मुलींना सांगितलं की तुम्ही होकार देऊ नका. शपथ मुलींनाच का, एकतर्फी प्रेमातून कुणाला छळणार नाही, जाळणार नाही अशी शपथ मुलांनी घ्यायला नको का, असं तेव्हा पंकजा मुंडे यांनी विचारलं होतं. चार दिवस त्यावर चर्चा झाली आणि विषय मागं पडला.

हे पुस्तक त्या प्रश्नाला परत हात घालण्यासाठी आहे. पुढच्या पानांत कायद्यातली कलमं सोप्या भाषेत आहेत, काही निकालांची हकीकत आहे, आणि आमच्या भागातल्या बायकांनी नाव न सांगण्याच्या अटीवर सांगितलेलं आहे. ते वाचण्याआधी एक गोष्ट मांडणं मला गरजेचं वाटतं. लैंगिक अत्याचार आणि रूढी या दोन वेगळ्या अडचणी आहेत, एक गुंडांची आणि दुसरी जुन्या लोकांची, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकीचं अर्धं राहिलेलं काम दुसरी पुरं करते. अत्याचार एकीवर होतो, आणि बंदी गावातल्या सगळ्या पोरींवर बसते.

राजापेठेत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. हा अमरावतीचा मध्यावरचा, दिवसभर वाहता भाग. इथून आणि पुढं साईनगर, दस्तूरनगरपर्यंत, तसंच गाडगेनगरच्या बाजूला, दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, चांदूर बाजारहून आलेल्या मुली खोल्या घेऊन राहतात. कुणी बारावीला, कुणी नीटची तयारी करणारी, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला जाणारी. नोव्हेंबर २०१७ मध्ये या शहरात एका तरुणीचा चाकूनं खून झाला. जुलै २०१९ मध्ये आणखी एका कॉलेजच्या मुलीचा झाला. दोन्ही वेळा मारणारा तिच्या ओळखीचा होता. अशी बातमी आली की त्या संध्याकाळी खोल्याखोल्यांतले फोन वाजू लागतात. गावाहून बाप बोलतो, मागून आजी बोलते, “कायले पायजे एवढं शिकणं? पोरीची जात हाय. इज्जत गेली त वापस येत नाई.” काही मुली त्याच आठवड्यात सामान बांधतात. काहींचा क्लास राहतो पण संध्याकाळची बॅच सुटते. काहींना वर्षाच्या आत स्थळ पाहिलं जातं. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ च्या पाहणीत, नोंदलं गेलं. त्यातली किती लग्नं निव्वळ भीतीनं उरकली असतील, हे कुठल्या रकान्यात येत नाही.

खुनाचा पंचनामा होतो, आरोपपत्र होतं. मागं घरी नेलेल्या मुलीचा पंचनामा होत नाही. तिचा शिक्षणाचा हक्क गेला, फिरण्याचा गेला, कमावण्याचा गेला, मनाजोगतं लग्न करण्याचा गेला. घटनेनं तिला दिलेलं हे सगळं तिच्याच घरच्यांनी, तिच्याच काळजीपोटी, काढून घेतलं. ज्या माणसानं चाकू चालवला त्याला या मुलीचं नावही ठाऊक नसतं. तरी त्याचा धाक तिच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो, कारण तो पोचवायला आपण तयार असतो.

आणि हे आमच्याच मातीत घडतं, याचं मला जास्त वाईट वाटतं. चांदूर रेल्वेपासून फार लांब नाही, वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. भावानं ठरवलेलं स्थळ तिला मान्य नव्हतं. तिनं स्वतः पत्र धाडून कृष्णाला बोलावलं आणि अंबेच्या दर्शनाला म्हणून निघून त्याच्या रथात बसली, ही कथा वऱ्हाडातल्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहे. ते देऊळ म्हणजे अमरावतीचीच अंबादेवी, असं लोक मानतात. रुक्मिणीची पालखी दर आषाढीला कौंडिण्यपुराहून पंढरपूरला जाते. सासरी जाणाऱ्या या लेकीला निरोप देताना माणसं रडतात. आपला वर आपण निवडणारी ती आमची देवी आहे, आणि त्याच जिल्ह्यात हाडामांसाच्या लेकींना आम्ही तसं न करण्याची शपथ देतो.

याच वऱ्हाडात, बुलढाण्याला, १८५० मध्ये ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, बदनामीच्या भीतीनं आपलं मूल मारल्याबद्दल, फाशीची शिक्षा झाली. पुढं ती कमी करण्यात आली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या बिघडलेल्या चालीवर लेखांचा पाऊस पडला. ‘पुणेवैभव’मधला असाच मजकूर वाचून ताराबाई पेटून उठल्या आणि त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. ते १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. पुनर्विवाह करू देत नाही म्हणून विधवा कोंडायची, कोंडलेल्या विधवेला घरातल्याच किंवा ओळखीच्या पुरुषानं फसवायचं, दिवस गेले की सगळी अब्रू तिची, आणि पोर मारलं की फाशीही तिलाच, हा सगळा फेरा त्यांनी उघडा करून दाखवला. त्या मुलाचा बाप कुठं गेला, हे कुणीच कसं विचारत नाही, हा त्यांच्या सगळ्या संतापाचा गाभा आहे.

ताराबाईंचं मोठेपण मला एका ठिकाणी दिसतं. विजयालक्ष्मीवर दया करा, अशी विनवणी त्या करत बसल्या नाहीत. ज्या रूढीनं तिला त्या जागी नेऊन उभं केलं ती रूढी आणि ज्या पुरुषानं तिचा फायदा घेतला तो पुरुष, दोघांनाही त्यांनी एकाच पिंजऱ्यात उभं केलं. असं करणारं दुसरं पुस्तक तेव्हा हाती नव्हतं. त्याचं फळ म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली, अगदी सत्यशोधकांमधूनही. जोतिराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हे एकच पुस्तक जवळजवळ शंभर वर्षं विस्मृतीत पडून होतं; १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. बोललेल्या बाईला गप्प करण्यासाठी दरवेळी हात उचलावा लागतो असं नाही. तिच्या भोवती एवढी चर्चा उठवायची की तिनं पुन्हा लेखणी उचलू नये, हाही मार्ग आहे, आणि तो आजही मळलेला आहे.

ताराबाईंचं पुस्तक आलं त्याच दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न तिला मान्य नव्हतं. नवऱ्यानं १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये उलटा निकाल आला, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तिनं तुरुंग पत्करते असं कळवलं. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली आणि पुढं सुरत, राजकोटच्या दवाखान्यांत तिनं आयुष्य घालवलं. हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो. पण तिचा मूळ प्रश्न, लग्न झालं म्हणजे बाईच्या शरीराबाबत तिची संमती कायमची घेतली गेली का, तो अजून सुटलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अपवाद आहे: अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्यानं जबरदस्तीनं संबंध ठेवला तर तो बलात्कार धरला जात नाही. रखमाबाईंना जाऊन सत्तरेक वर्षं झाली. या अपवादाचं समर्थन करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा एकच असतो, की यानं लग्नसंस्था मोडेल. जी संस्था बाईच्या नकाराच्या हक्कानं मोडते, ती कशावर उभी आहे हे त्यांनी एकदा स्वतःशी तपासावं.

आता विदर्भातल्या दुसऱ्या टोकाला जाऊ. देसाईगंज, म्हणजे वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आज गडचिरोलीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीला दोन पोलिसांनी थांबवून घेतलं. नातेवाईक बाहेर उभे होते. तिनं बलात्काराची तक्रार केली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असं त्या न्यायालयाला वाटलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. धाकापुढं मान तुकवणं आणि संमती देणं यांत फरक आहे, असं खंडपीठानं म्हटलं आणि शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सुटका केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणून संमती असावी, असा त्या निकालाचा सूर होता.

ठाण्याच्या आत, वर्दीतल्या दोन माणसांपुढं, रोजावर जगणारी मुलगी आरडाओरडा करून कुणाला बोलावणार होती? सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहून हेच विचारलं. १९८० मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, तुरुंग अधिकारी, रुग्णालयातले कर्मचारी यांच्या ताब्यातल्या बाईवर अत्याचार झाला आणि ती संमती नव्हती असं म्हणाली, तर न्यायालयानं तसंच धरून चालावं, ही तरतूद तेव्हा आली. पीडितेचं नाव छापायला बंदी आली तीही तेव्हाच. हा खटला सगळे त्या मुलीच्या नावानं ओळखतात. मी ते इथं मुद्दाम लिहीत नाही. तिच्यामुळे देशातल्या सगळ्या बायकांना जे संरक्षण मिळालं, ते तिला स्वतःला कधी मिळालं नाही. निदान या पुस्तकात तरी मिळावं.

न्यायालयांनी तेव्हा जे पाहिलं ते नुसतं पुराव्याच्या कायद्यातलं नव्हतं. ते गावच्या पारावरचंही होतं. बाई चांगल्या चालीची असेल तर ती जिवावर उदार होऊन झगडेल, झगडली नाही म्हणजे तिचीही मर्जी होती, आणि आधी संबंध आलेला असेल तर तिच्या बोलण्याला किंमत काय, हा पाराचा न्याय निकालपत्राच्या भाषेत उतरला. तो डॉक्टरच्या खोलीतही होता. दोन बोटं घालून बाईच्या ‘सवयी’ची तपासणी करण्याची पद्धत या देशात कितीतरी वर्षं बिनबोभाट चालली. ती बंद व्हावी म्हणून सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी सविस्तर अहवाल लिहिला, त्यावरून नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही चाचणी बाईच्या प्रतिष्ठेचा भंग करते असं सांगितलं. ३१ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा ठणकावून सांगावं लागलं. विज्ञानाचा आधार नसलेली ‘कौमार्याची लक्षणं’ अभ्यासक्रमातून काढा, हा आग्रहही खांडेकरांचाच, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो मानला. सेवाग्राम आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. एका डॉक्टरनं आपल्याच विषयाचं पाठ्यपुस्तक तपासून पाहिलं आणि ते चूक आहे म्हणायचं धाडस केलं, हे मला या सगळ्या हकीकतीतलं सर्वात आशादायक काम वाटतं.

जातीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावकऱ्यांनी ठार मारलं; त्यात आई आणि तरुण मुलगी होती. शेती, शिक्षण, स्वाभिमान, या कुटुंबाचं जे जे गावाला खुपत होतं त्याची शिक्षा बायकांच्या शरीरावर दिली गेली, असं दलित संघटना सांगत राहिल्या. २००८ मध्ये खुनासाठी शिक्षा झाल्या. बलात्काराचा आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा मात्र न्यायालयात टिकला नाही. अमरावतीचे रस्ते त्या नोव्हेंबरात संतापानं भरून गेले होते. वरच्या जातीच्या घरात मुलीला ‘इज्जत’ म्हणून कोंडायचं आणि खालच्या मानलेल्या जातीच्या बाईला इज्जत असू शकते हेच मानायचं नाही, हे दोन्ही एकाच विचारातून येतं.

आणि घर? चौकातल्या गुंडाबद्दल आपण मोकळेपणानं बोलतो, घराबद्दल नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वर्षानुवर्षांच्या अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन देणारा. मघाच्या त्याच आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा २१.३ होता. देशात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडं मदत मागितली, आणि ७७ टक्के जणींनी कधी कुणाला सांगितलंही नाही. नवऱ्यानं काही कारणांसाठी बायकोला मारणं योग्य आहे असं ४४ टक्के पुरुषांना वाटतं. बायकांमध्ये हे प्रमाण ४५ टक्के आहे. हा शेवटचा आकडा वाचून बायकांना नावं ठेवू नका. मार खाण्याला पर्याय दिसत नसेल तर त्याला कारण शोधून देणं, हाही जगण्याचा एक मार्ग असतो.

पर्याय का दिसत नाही, याचं एक उत्तर तलाठ्याच्या दप्तरात आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा दिला. २००५ मध्ये तो देशाचा कायदा झाला. पण आमच्याकडं बाप गेला की दिवस होत नाहीत तोच हक्कसोडपत्राचा कागद पुढं येतो. बहीण सही करते. न केली तर माहेर तुटेल, राखी-दिवाळीला दार बंद होईल, “भावाच्या पोटावर पाय दिला” असं गाव म्हणेल. सही केली की भाऊ खूश, माहेर शाबूत. आणि पाच-दहा वर्षांनी तीच बहीण सुजलेला चेहरा घेऊन त्या दारात येते तेव्हा तिला दोन दिवस ठेवून, समजूत घालून परत पाठवलं जातं, कारण त्या घरात तिचं आता काही नाही. मारणाऱ्या नवऱ्याला हे नेमकं माहीत असतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांची कहाणी याहून कठीण आहे. सातबाऱ्यावर नाव चढवायला सासरा तयार नाही, कर्ज मात्र तिच्या माथी, आणि एकटी बाई म्हणून गावातल्या नजरा. जमिनीचा वाटा आणि शरीराची सुरक्षितता एकमेकांना धरून आहेत, हे मी इथं ठासून सांगते. कलमांच्या पुस्तकात ही दोन प्रकरणं वेगळी असली तरी बाईच्या आयुष्यात ती एकच आहेत.

हुद्दा मिळाला तरी सुटका होतेच असं नाही. २५ मार्च २०२१ ला मेळघाटातल्या हरिसालच्या तरुण महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यानं सरकारी पिस्तुलानं स्वतःला संपवलं. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाबद्दल तिनं चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ पासून कायदा आहे, समित्या आहेत. तिच्यावर झालेला छळ त्या कायद्यात बसत होता की नव्हता, हा वकिलांचा प्रश्न. वर्दी घातलेल्या बाईलाही ऐकून घेणारा माणूस भेटला नाही, ही आपली गोष्ट आहे.

अमरावतीनं बाईला नेता म्हणून स्वीकारायला कधी फार मागंपुढं पाहिलं नाही. उषा चौधरी, प्रतिभा पाटील, नवनीत राणा या मतदारसंघातून लोकसभेत गेल्या. प्रतिभाताई देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. रूढी बदलण्याचाही या शहराला सराव आहे. १९२७ मध्ये अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून पंजाबराव देशमुखांनी आणि गवईंनी सत्याग्रहाची हाक दिली, तेव्हा प्रवेशबंदीही ‘पूर्वापार चाल’च होती. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. तेव्हा आमच्याकडं असंच चालतं, हे वाक्य निदान वऱ्हाडी माणसानं तरी शेवटचं म्हणून वापरू नये.

सरकारांनीही त्या वाक्याचा आधार घेतला आहे. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव संपवण्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९७९ मध्ये झाला. त्याच्या पाचव्या कलमात स्त्री-पुरुषांबद्दलच्या सामाजिक चालीरीती बदलण्याची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे. भारतानं १९९३ मध्ये करार मान्य केला, पण नेमक्या या कलमाबद्दल निवेदन जोडलं की कुठल्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हात घालणार नाही. समाजाची संमती म्हणजे कुणाची, हे तिथं लिहिलेलं नाही. पण पुढाकाराची वाट पाहणाऱ्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडकडं पाहावं. मे २०२२ मध्ये त्या गावानं ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो ठराव सगळ्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला. एक ग्रामसभा एवढं करू शकते.

पोलीस ठाण्याच्या पायरीवर काय होतं ते वाचकाला ठाऊक आहे. “आपसात करून घ्या.” “पोरीचं लग्न व्हायचंय, नाव खराब होईल.” “एनसी करून ठेवू.” खटला उभा राहिला तर साक्षीदार फितूर होतात, त्यात कधी तिचेच काका असतात, कारण मध्ये पंच बसलेले असतात आणि समेट झालेला असतो. देशात बलात्काराच्या निकाल लागलेल्या खटल्यांपैकी तीस टक्क्यांहून कमी खटल्यांत शिक्षा होते. म्हणून पुढच्या पानांतल्या काही गोष्टी इथंच सांगून ठेवते. गुन्हा कुठंही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. बलात्कारासारख्या गुन्ह्याची माहिती नोंदवून न घेणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा आहे, आणि तो तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेता येतो. सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्यानं तिच्यावर मोफत उपचार करायचे आहेत. अमरावतीच्या इर्विन किंवा डफरीन या सरकारी दवाखान्यांपर्यंत पोचेस्तोवर थांबायची गरज नाही. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फोन नंबर ११२, १८१ आणि मुलांसाठी १०९८. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते, आणि तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं.

ही कलमं कामाला येतात ती घरातलं पहिलं वाक्य नीट असेल तरच. ऑगस्ट २०२४ मध्ये अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकाला विद्यार्थिनींच्या छळाबद्दल अटक झाली. त्या पोरी बोलल्या म्हणून हे झालं. तुमच्या घरात पोरगी असं काही सांगायला आली तर “तू काहून गेली होती तिकडं?” हे विचारू नका. तिचा क्लास बंद करू नका, मोबाइल काढून घेऊ नका, स्थळ पाहायला लागू नका. तिच्यासोबत ठाण्यात जा आणि पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायला निघालेल्या भावानं तो कागद फाडून टाकावा. आणि हे पुस्तक घरात आणलं असेल तर आधी मुलाच्या हातात द्या. मुलींना यातलं बरंचसं माहीत आहे.